सोडलेला चेंडू

माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी आयुष्यात एकही गोष्ट स्वतःहून निवडलेली नाही. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं तरी ते एवढंच म्हणतील, "तसंच काही नाही, वहिनी. विचार करून सांगतो." इंजिनिअर झाले ते वडिलांनी अर्ज भरला म्हणून, सिंगापूरला आले ते कंपनीने पाठवलं म्हणून, आणि हौगांगला राहतात ते आल्या दिवशी तात्पुरती घेतलेली खोली सोडायची की नाही हे अजून ठरायचंय म्हणून. मुली बघायच्या दिवसांत त्यांचा विचार इतका लांबला की बघितलेल्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली. गंमत म्हणजे जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात ते सुरक्षेचं काम बघतात आणि तिथे त्यांना फार मान आहे, कारण झडप उघडायच्या आधी दहादा विचार करणारा माणूस तिथे हवाच असतो.

पण जगात सगळीकडे झडपाच नसतात ना! रविवारी ते आमच्याकडे जुरोंग ईस्टला येतात. हॉकर सेंटरमध्ये जेवायला नेलं की आधी सगळ्या स्टॉलना प्रदक्षिणा, मग उलटी प्रदक्षिणा, मग रांगेत उभं राहून मागच्याला "तुम्ही व्हा पुढे." एकदा त्यांचा नंबर लागला तेव्हा स्टॉलवरची आंटी भांडी घासत होती. शेवटी माझ्या ताटातला अर्धा डोसा त्यांच्याकडे जातो आणि "मला हेच खायचं होतं," असं म्हणत ते इतक्या तृप्तीने खातात की रागावताच येत नाही. परतताना स्टेशनवर तोच प्रकार. गाडी आली की "ही भरलीय, पुढची बघू." पुढची रिकामी आली तर "इतकी रिकामी कशी काय?" म्हणून तीही जाते. मी, नवरा आणि लेक असे तिघं त्यांना सोडायला जातो, आणि आमच्या घरातल्या साऱ्या महत्त्वाच्या गप्पा त्या सोडलेल्या गाड्यांच्या मधल्या वेळात झालेल्या आहेत.

अशा माणसाच्या मनात एक इच्छा मात्र लहानपणापासून पक्की होती, गणिताची पदवी. पन्नाशीला आल्यावर त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं, सगळे पेपर झकास सोडवले आणि शेवटच्या प्रोजेक्टपाशी येऊन अडले. कारण विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. सरांनी बिचाऱ्यांनी सोपं जावं म्हणून क्षेत्र ठरवून दिलं, बेसबॉलची आकडेवारी. त्या खेळात म्हणे प्रत्येक चेंडूची नोंद मिळते. झालं! फलंदाजांचा क्रम घ्यावा, की घरच्या मैदानाचा फायदा, की चोरून गाठलेले बेस, यात मुदत उलटली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा कॉलेजने स्पष्ट कळवलं की रविवारी संध्याकाळपर्यंत विषय आला नाही तर नाव कमी होईल.

त्या रविवारी दुपारी आमच्या घरात परीक्षेचं वातावरण होतं. "काका, एनीथिंग ऑल्सो कॅन, लाह! जस्ट पिक वन!" माझी लेक वैतागून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे काहीही चालेल, एक उचला. नवरा म्हणाला, "चिठ्ठ्या टाकूया." भाऊजी म्हणाले, "पण उचलायची कोणी?" शेवटी लेकीने टीव्हीवर एक जुना सामनाच लावला, कारण या गृहस्थांनी बेसबॉल कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता.

एका फलंदाजाने चार चेंडू नुसते सोडले, बॅट खाली टाकली आणि रमतगमत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जाऊन उभा राहिला. भाऊजी ताडकन उठले. "वहिनी, हा काहीही न करता पुढे गेला!"

"बॅड बॉल, काका. फोर टाइम्स सोडले की फ्री," लेक म्हणाली.

"हे त्याच्या सरासरीत धरतात?"

"नाही, ती फक्त मारलेल्याची. दुसरी एक आहे, त्यात धरतात."

"म्हणजे पहिलीत शहाणपणाने सोडल्याचं श्रेयच नाही?" भाऊजींना अन्याय सहन होईना. "संघाच्या धावांचा अंदाज कुठल्या सरासरीवरून बरोबर येतो, हे बघायला पाहिजे. विषय मिळाला!"

"मग पाठवा की," मी म्हटलं.

"पाठवतो. जरा विचार करून."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात पुढचा फलंदाज आला. त्यानेही चेंडू सोडले. एक, दोन, तीन. बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही, आणि पंचाने त्याला बाद दिलं.

"याला का काढलं?"

"गुड बॉल होते, काका. मारायला हवे होते. थ्री सोडले की आऊट."

त्यांची दोन वर्षं गेलेली होती, हे तिसरं होतं. भाऊजी पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं मला वाटायचं मी वाईट चेंडू सोडतोय." मग त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, विषय लिहिला आणि कोणालाही न विचारता पाठवून दिला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आम्ही सोडायला गेलो. त्यांच्यासाठी थालीपिठांचा डबा होता माझ्या हातात. घाई काय आहे, दोन-तीन गाड्या जातील, मग देऊ, म्हणून मी निवांत होते. पहिलीच गाडी आली, खच्चून भरलेली. मी काही बोलणार तोवर "येतो, वहिनी!" म्हणून भाऊजी आत शिरलेसुद्धा. दारं मिटली. काचेमागून ते हात हलवत होते, स्वतःचंच नवल वाटल्यासारखे हसत होते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तरीही पुढची गाडी येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले, हातात डबा घेऊन.