मिठाला मोनो नाही

पेणकरपाड्यात आमच्या समोरच्या खोलीत एक बाई दार उघडं टाकून केमिस्ट्रीची शिकवणी घेतात. बोलणं सगळं मोजून. नावात अणू एक असला तर मोनो, दोन असले तर डाय, तीन असले तर ट्राय. भाजीवालासुद्धा "मॅडम, डाय-जुडी मेथी दूँ क्या?" विचारतो, आणि बाई खदाखदा हसतात.

मी चौथी नापास, पण मिठागरात हयात घालवलेला माणूस. परवा दारातच उभा राहिलो. म्हटलं, "बाई, आमच्या मिठाला काय लावता?"

"काहीच नाही काका. नुसतं सोडियम क्लोराईड."

"का? आमचं मीठ काय रस्त्यावर पडलंय?"

बाई खडूसकट उठून दारात आल्या. "कार्बन एका ऑक्सिजनशी जुळला तर विषारी वायू, दोघांशी जुळला तर सोड्याचा बुडबुडा. म्हणून त्याच्या नावात आकडा सांगावा लागतो. सोडियम-क्लोरीनची जोडी एकाच तऱ्हेनं जमते. मीठ एकवचनी आहे, काका!"

एकवचनी! म्हणजे प्रभू रामानंतर आमचं मीठच! मी तसाच घरात शिरलो आणि बायकोला बजावलं, "आजपासून जेवताना मिठाला कुणी नावं ठेवायची नाहीत. बाईंनी ठेवलंय, तेवढं बास!"