साहेबांचा डायनोसॉर

“तो पंप बंद करा. मला बोलता येत नाहीये,” मोठे साहेब म्हणाले.

साठच्या दशकातली गोष्ट. नवापूरच्या किनाऱ्याजवळ आमच्या लहानशा कंपनीकडे एका पंपघराचं काम होतं. पायासाठी खणलेल्या खड्ड्यात आम्ही उभे होतो. मी साइट इंजिनिअर, तोही प्रोबेशनवर. त्या दिवशी तळात काँक्रीट पडलं की मी कन्फर्म होणार होतो. किनाऱ्यावरच्या खड्ड्यात पाणी सतत झिरपतं, ते पंपाने उपसत राहावं लागतं. याला डीवॉटरिंग म्हणतात. पंप थांबला की पाणी भरतं आणि वाळूच्या कडा ढासळतात. त्यात अमावास्येचं उधाण, भरती सुरू झालेली.

आणि नेमकं तेव्हाच एक भलंमोठं हाड निघालं.

“देवमाशाचा हाय, सायेब,” आमचा मुकादम हरेश्वर म्हणाला. तो नवापूरचाच. “आमचे देवलात बी एक हाय.”

मलाही तेच वाटत होतं. पण साहेबांनी नुकताच एका इंग्रजी मासिकात डायनोसॉरवरचा लेख वाचला होता. त्यांनी काम थांबवलं आणि ते प्राणी नामशेष का झाले, हे खड्ड्यातच सांगायला घेतलं. हवा थंड पडली, असं त्यांचं मत. साहेब बोलताना मध्ये तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते थांबले की मात्र प्रत्येकाने काहीतरी बोलायचं, म्हणजे आपलं लक्ष होतं हे कळतं.

“उंदरांनी अंडी खाल्ली असणार, सर,” स्टोअरकीपर सावे म्हणाले. “माझी सिमेंटची पोतीसुद्धा सोडत नाहीत.”

साइटवरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी बद्धकोष्ठतेचं निदान केलं. एवढा पाला खायचा आणि एरंडेल कोण देणार? साहेबांना हे फारच पटलं. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. पाणी घोट्यापर्यंत आलं. मी फक्त रडायचा बाकी होतो.

“सायेब, पानी चढतंय. मशीन लावू?” हरेश्वरने विचारलं.

“थांब रे. हं, देसाई, तुमचं काय मत?”

“पाणी, सर,” मी म्हणालो. “हळूहळू चढतं. मोठ्यांच्या लक्षात येत नाही.”

“पुरावा?”

मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. तेवढ्यात समुद्राकडची कड धाडकन खाली बसली.

शिडी एकच होती. त्या धावपळीतही सगळे “आधी साहेब, आधी साहेब” करत थांबले. माणसं धडपणी वर आली. हाड वाळूखाली गेलं, साहेबांचा एक बूट गेला आणि माझं कन्फर्मेशनही.

उधाण ओसरल्यावर आम्ही खड्डा पुन्हा खणला आणि काँक्रीट घातलं. ते बघायला मुंबईहून पाहुणे आले. बोईसरला जेवताना साहेब त्यांना म्हणाले, “डायनोसॉर पाण्यामुळे मेले, असं माझं मत आहे. पुरावा मी स्वतः पाहिलाय.”

सावे आणि कंपाउंडर माझ्याकडे बघायला लागले. मी जोरजोरात मान डोलावली.

त्याच आठवड्यात मला कन्फर्म केलं. डायनोसॉर का नामशेष झाले, हे मला आजही सांगता येणार नाही. मी का टिकलो, ते मात्र पक्कं ठाऊक आहे.