धोंड्याचा तास

आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर आक्काबद्दल पुढे जे लिहीन ते मलाच खोटं वाटेल. जालना आणि इंग्लंडमधलं लेस्टर या दोन गावांतला वेळेचा फरक मी चार वर्षं माझ्या सख्ख्या बहिणीशी खोटं बोलायला वापरला. 'तिकडं आत्ता' आणि 'इकडं आत्ता' यांच्यामधल्या फटीत माणसाला किती आरामात लपून राहता येतं, हे परदेशात राहिलेल्यालाच ठाऊक.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे लेस्टरच्या दवाखान्याच्या कँटीनमध्ये हातात ट्रे घेऊन रांगेत उभा होतो. या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. मे महिना, मंगळवार. फोनवर आक्काचं नाव आलं आणि मला आधी वैताग आला. आज कुठं रविवार आहे... उचलला तर आवाज कांताभाभींचा. जालन्यात मस्तगडला आक्काच्या खोलीखाली त्यांचं साड्यांचं दुकान आहे. "दिगूभैया, आक्का गेली," त्या म्हणाल्या. "जेवली, बोलली जरा पडते. चहाला उठवायला गेले तर..." माझ्या मागचा माणूस पुढे सरका म्हणाला आणि मी पुढे सरकलो. सूप घेतलं, त्याचे पैसेही दिले. ते सूप प्यायलो की नाही, हे मात्र आठवत नाही. जालन्याला पोचलो तेव्हा राख सावडायचं तेवढं उरलं होतं.

आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आमचं गाव केदारखेडा. तिचं लग्न झालं, नांदायला गेली आणि वर्षाच्या आत ट्रंक घेऊन परत आली. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि विचारायची छाती आमच्या घरात कोणाची नव्हती. गावात राहिली असती तर रोज कोणीतरी विचारलं असतं, म्हणून तिनं जालन्यात मस्तगडला खोली घेतली, साड्यांना पिको-फॉल करायचं मशीन घेतलं आणि शाळेसाठी मला सोबत नेलं. तिथल्याही बायका सुरुवातीला विचारायच्या, "मंग, कधी जाणार नांदायला?" आक्का दोरा दातानं तोडत म्हणायची, "मशीन हितं हाय. मशीन सोडून कशी जाऊ?" मशीन घ्यायच्या आधी ती आलेली होती, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. हळूहळू विचारणं बंद झालं. मी तिच्या मशीनच्या आवाजात अभ्यास केला, त्याच आवाजात झोपलो. अजूनही अगदी शांत खोलीत मला झोप लागत नाही.

इंग्लंडची नोकरी लागली तेव्हा तिला एकच काळजी, फोन कधी करायचा. मी भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि तिच्यासमोर उलटं धरलं. आपलं घड्याळ उलटं केलं की इंग्लंडची वेळ दिसते, ही गंमत मला कोणीतरी सांगितली होती. आकडे बघायचे नाहीत, फक्त काटे बघायचे. आपले संध्याकाळचे सहा वाजले की उलट्या घड्याळात साडेबारा. "साडेबाराला मी जेवायला बसतो. रविवारी त्याच टायमाला फोन." तिनं मान वाकडी करून बघितलं. "बारका काटा बराबर न्हाई. थोडा मागंच हाय."

"तेवढं चालतं गं."

"चालंल की. तुझ्यावानीच हाय तो. कुठंबी जायचं म्हणलं की मागं राहणारा."

मी गेल्यावर तिनं दुसरं घड्याळ आणलं आणि पहिल्याच्या शेजारी उलटं टांगलं. फॉल लावायला येणाऱ्या बायका हसायच्या. आक्काचं घड्याळ शीर्षासन करून राह्यलं, म्हणायच्या. कांताभाभींनी व्यवहाराची गोष्ट सांगितली, "अहो, सरळ टांगा आणि टाइम त्याच्या गावचा लावा ना." आक्का म्हणाली, "सरळ लावलं तर ते आपल्या घरचंच वाटतं. उलटं हाय म्हणून ध्यानात राहतं, की हे घरातलं न्हाई."

पहिला उन्हाळा आला आणि सगळं चुकलं. इथे मार्चअखेर घड्याळ एक तास पुढे करतात, हे तिला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आपला साडेबारालाच फोन लावत होतो, पण जालन्यात तेव्हा पाच वाजलेले. त्या महिन्यात नळ नेमका रविवारी पाचला यायचा. आक्का खाली हंडे घेऊन उभी आणि फोन वर मशीनवर वाजतोय. सहाला ती उलट्या घड्याळासमोर बसायची, तर फोन नाही. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी तिनं मला झाडलं, "तू फिरला का रे घड्याळ फिरलं? मी हितं येड्यावानी बसून राह्यले!" मी समजावलं. उन्हाळ्यात इथे उजेड फार असतो, म्हणून एक तास पुढे सरकवतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो परत देतात. त्या दिवशी एकच तास दोनदा येतो. मला वाटलं, तिला कळलं नाही.

"म्हंजी धोंड्याचा तास म्हण की," ती म्हणाली.

तिचा हिशोब सरळ होता. आपल्याकडे तीन वर्षांनी महिना वाढतो, तुमच्याकडे वर्षाला तास वाढतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, धोंडे खाऊ घालतात. आमच्या घरी त्या महिन्यात बोलवायला कोणी जावई नव्हता, आणि हे वाक्य ती बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "धोंड्याचा तास माझा. कोणाचाबी न्हाई, फुकटातला हाय तो. त्या दिशी घाई करायची न्हाई." तेव्हापासून ऑक्टोबरच्या त्या रविवारी आमचा फोन तासभर चालायचा. मार्चमध्ये मी सांगायचो, "आक्का, घड्याळ बदललं." मग ती स्टुलावर चढून काटा पुढे करायची. ऑक्टोबरात पुन्हा मागे. कांताभाभींचा मुलगा म्हणायचा, मोबाइलवर दिसतं की सगळं. ती म्हणायची, "दिगू सांगतो तव्हाच बदलते मी. त्याच्या गावचं त्यानं सांगावं."

चार वर्षांपूर्वी वैशाली, माझी बायको, घर सोडून गेली. भांडण असं नव्हतंच. दोघांच्या ड्यूट्या उलटसुलट, एकाच घरात राहून आम्ही एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवायचो आणि एक दिवस चिठ्ठी तेवढी राहिली. तिचा दोष नाही. आक्का दर रविवारी शेवटी म्हणायची, "वैशूला दे की जरा." पहिल्या रविवारी मी म्हणालो, "ती आत्ता ड्यूटीवर आहे." ते खरं वाटण्यासारखं होतं. दुसऱ्या रविवारी म्हणालो, "इथे आत्ता दुपार ना गं, झोपलीय, नाइट होती." मग हे सोपं झालं. आक्काची संध्याकाळ असायची आणि माझी दुपार, तिला इथली दुपार दिसत नव्हती. तिच्याकडून कधी मधेच फोन आला तर म्हणायचो, "आक्का, वेळ बघून करत जा, इथे सकाळ आहे." सकाळ असायचीही. पण मी नुसता टीव्हीसमोर बसलेला असायचो, आवाज बंद करून.

जगात एकच माणूस असं होतं ज्याला हे सांगायची मला लाज वाटायला नको होती. नांदायला गेलेली आणि परत आलेली बाई. तिला कोणी विचारू नये म्हणून तिनं गाव सोडलं होतं, ती मला काय विचारणार होती? हे मला तेव्हाही कळत होतं. तरी सांगितलं नाही. कदाचित तिनं मशीन मारून मला इतक्या दूर पाठवलं आणि मी तिच्याच जागी येऊन उभा राहिलो, हे तिला दिसू नये असं वाटत असावं... कदाचित तेही निमित्तच असेल. भित्रा माणूस कारणं छान शोधतो. मधेच कधीतरी तिनं वैशूला मागणं सोडून दिलं. मला हायसं वाटलं. का सोडलं असेल, याचा मी विचार केला नाही.

खोटं जपायचं तर बोलणं कमी करावं लागतं. रविवारचे फोन पंधरवड्यावर गेले, मग महिन्यावर. गेल्या ऑक्टोबरात, धोंड्याच्या तासाच्या रविवारी, मी फोन केला आणि घाईघाईत म्हणालो, "घड्याळ बदललं बरं का. आज मला ड्यूटी आहे, पुन्हा बोलू." ती म्हणाली, "बरं. जपून जा." मी घरीच होतो. कुठेही गेलो नाही. बाहेर लवकर अंधारून आलं आणि दिवा लावायलाही मी उठलो नाही.

या मार्चमध्ये मी तिला सांगितलंच नाही. आठवण नव्हती असं नाही. सांगायला फोन करावा लागला असता.

ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी इथे दुपारी दीडला तिचा मिस्ड कॉल आला. मी ताट घासून ठेवत होतो. फोनकडे बघितलं आणि मनात आलं, ही आपली वेळ नाही, हिला कितीदा सांगायचं, वेळ बघून करत जा. फोन पालथा ठेवला. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी म्हटलं, आता तिकडं झोपली असेल.

राख सावडून आल्यावर खोली उघडली. मशीनवर कोणाची तरी जांभळी साडी अर्धवट फॉल लावलेली तशीच होती. दोन्ही घड्याळं चालू. मी सवयीनं उलट्याकडे बघितलं, मग हातातल्या मोबाइलकडे, आणि तिथेच ट्रंकेवर बसलो. उलटं घड्याळ एक तास मागे होतं. हिवाळ्यातलंच. तिला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं काटा हलवला नव्हता. रविवारी ते घड्याळ साडेबारा दाखवत असताना, आपल्या ठरलेल्या वेळेला, तिनं मला फोन केला होता.

कांताभाभी चहा घेऊन वर आल्या. मी विचारलं, आक्का काही म्हणायची का. त्यांनी कप ठेवला. "तुम्हाला मालूम नाही का? आक्काला सब मालूम होतं. बोलायची, बाईमाणूस घरात असलं की मागं भांड्याचा तरी आवाज येतो. दिगूच्या घरात काहीच वाजत न्हाई. मी बोलले, मग विचारा ना त्याला. तर बोलली, मला कोणी विचारलं नाही तर मला बरं वाटायचं. तो सांगंल. धोंड्याच्या तासाला सांगंल."

म्हणजे गेल्या ऑक्टोबरात ती ऐकायला बसली होती.

खोलीचं भाडं मी चालू ठेवलं आहे. जांभळी साडी जिची होती तिला भाभींनी दिली, फॉल दुसरीकडून पुरा झाला. मशीनवर कापड झाकलं आहे. निघायच्या दिवशी स्टुलावर चढलो, उलट्या घड्याळाचा काटा एक तास पुढे करायला बोट लावलं आणि काढून घेतलं. सांगितल्याशिवाय ती बदलत नसे, आणि आता मी कोणाला सांगणार... ते तसंच आहे. सेल संपला तर भाभी तेवढा बदलतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे येतील आणि कोणी हात न लावता ते बरोबर होईल.

गेल्या ऑक्टोबरचा तो एक तास मी आक्काला देणं लागतो.