नव्या एसएसडीला लावलेलं ओलं कुंकू

मित्रांनो, आज माझ्या हातून एक मोठा घोळ झाला.

आमच्या सानिकाने शिकवण्या घेऊन गेमिंगचा कॉम्प्युटर जमवला. जुन्या हार्ड डिस्कवर गेम उघडायला फार वेळ लागायचा, म्हणून आज तिने वर्ध्याहून वेगवान एसएसडी आणली. च्युइंगमच्या पट्टीएवढी वस्तू! तिने ती मदरबोर्डच्या खाचेत बसवली आणि स्क्रू आणायला आत गेली. पट्टी तिरपी उभी होती.

आमच्या घरी नवी वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. मी पट्टीला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. थेंब ओघळून थेट खाचेत उतरला.

"बाबा, हे काय करून राह्यले तुम्ही!" सानिका किंचाळली.

"नवीन वस्तू आहे, बेटा, म्हणून..."

"अवो, ट्रॅक्टर आहे काय तो! दुकानदार आता परत बी नाई घेणार!"

पोरीच्या मेहनतीचं मीच वाटोळं केलं, असं वाटलं.

नशीब, वीज बंद होती. तिने पट्टी काढली, स्पिरिटने पट्टी आणि खाच हळूच पुसली, नीट वाळू दिली. ती बटण दाबताना मी केळझरच्या गणपतीचा धावा करत होतो. स्क्रीनवर नवी ड्राइव्ह दिसली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग सानिकाच कुंकवाचा करंडा घेऊन आली. "आता लावा, बाबा. पण कॉम्प्युटरच्या डब्ब्याले, बाहेरून."

मी लावलं. कोरडंच.

तुम्ही अशा नाजूक वस्तूंची पूजा कशी करता हो?