लाल दोऱ्याची सुरळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, की ज्याच्या शेजारी बसून इतकी वर्षं कंपनीत गेलो त्या दोस्तापाशीही नाही. दोन-तीनदा तोंडाशी आलं होतं, खोटं कशाला बोलू — पण दरवेळी विषय बदलला. विषय बदलायला मला फार छान जमतं. आताही बघा, गोष्ट सुरू करायची सोडून स्वतःचंच कौतुक लावलंय.

तर हौसाकाकी. माझी सख्खी चुलती. आमचं गाव चाकणच्या पलीकडे, आता अर्ध्या रानात शेड उभ्या आहेत. तेव्हा कांदा होता, आणि कांद्याचं बी म्हणजे हौसाकाकीचं. साठवणीच्या चाळीतले कांदे एकेक हातात घेऊन निवडायची, ते पुन्हा मातीत लावायची, फुलांचे गोंडे वाळले की चोळून काळं बी राखेत घालून मडक्यात ठेवायची. विकायची नाही. मागेल त्याला मूठभर. आणि वाफ्यात रोप टाकताना पहिली मूठ तिच्या हातची, हा गावचा रिवाज. हाताला गुण आहे म्हणायचे.

काका लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. हळदीला, बारशाला, ओटी भरायला तिला कुणी पुढे बोलवायचं नाही — तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडे कसं असतं ते. ती आपली चुलीपाशी भाकऱ्या थापत बसायची. पण आश्विन लागला की तिच्या दारात माणसं उभी. काकी, येता का वाफ्यावर? वर्षात तेवढेच पंधरा दिवस ती इस्त्रीचं लुगडं नेसायची. हे सगळं मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

मी आयटीआय झालेला, चाकणच्या एका कंपनीत लागलेला. गावात शेतकऱ्यांचा गट झाला तेव्हा लिहिता-वाचता म्हणून मलाच सचिव केलं. कृषी खात्याच्या मॅडम आल्या, सुधारित बियाण्याचं पाकीट दिलं, थंड कोरड्या जागी ठेवा म्हणाल्या. आणि मी सगळ्यांसमोर छाती काढून बोललो — शंभरातले पंच्याण्णव नाही उगवले तर मिशी काढीन. लोक हसले. काकीही हसली, तोंडाला पदर लावून.

ते पाकीट मी कुठं ठेवलं? गाडीच्या डिकीत. महिनाभर. आधी पावसात भिजलं, मग कंपनीच्या पार्किंगमध्ये ऊन खाल्लं. सचिव झालो होतो ना, शहाणपण कशाला लागतंय!

मॅडमनी सांगितलं होतं, दोन्ही बियाणी शेजारी शेजारी तपासा. ओल्या गोणपाटावर मोजून शंभर दाणे, सुरळी करायची, पाणी शिंपडत राहायचं. माझ्या सुरळीला पांढरा दोरा. काकीच्या सुरळीला लाल — तिनं स्वतः बांधला, दोन गाठी मारून. आठव्या दिवशी संध्याकाळी समाजमंदिरात सगळ्यांसमोर उघडायचं ठरलं.

मी दुपारीच उघडलं. पहिल्या शिफ्टहून आलो, घरात कुणी नव्हतं. आधी माझं मोजलं. चौतीस. मग तिचं मोजलं. पुन्हा मोजलं.

सांगता आलं असतं हो. पाकीट भिजलं, चूक माझी, दुसरं आणू. मॅडम दोन शब्द बोलल्या असत्या, पोरांनी आठवडाभर मिशीवरून छळलं असतं. बस, एवढंच. ते नवं बी काही वाईट नव्हतं — पुढे गटानं नवी पाकिटं आणली तेव्हा रानात चांगलंच आलं, उताराही जास्त दिला, आज गाव तेच लावतं. दोन-चार सालात आपोआप आलंच असतं. मग मी का केलं? हसतील म्हणून. एवढंच कारण आहे, त्याहून मोठं शोधूनही सापडत नाही.

दोऱ्यांची अदलाबदल केली. दोन गाठी मारायला विसरलो नाही.

संध्याकाळी काकीनं लाल दोऱ्याची सुरळी स्वतः सोडली. तिला विसांनी मोजता यायचं. एक वीस झाले, वर चौदा, आणि बोट थांबलं. मग माझ्याकडे मान वर करून म्हणाली, "बाळा, नीट बघ की रं. दोरा त्योच हाय न्हवं?"

"व्हय काकी," मी म्हणालो. "तुजाच हाय."

तिनं मान हलवली. माझ्यावर संशय घेणं तिला सुचलंही नसेल. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, उलटसुलट करून, आणि हात पदराखाली घेतला.

इथंच संपलं असतं तरी मी कदाचित कधीतरी बोललो असतो. पण थांबा.

दुसऱ्या दिवशी काकीनं मडकं उकिरड्यावर रितं केलं. मेलेलं बी कुणाच्या रानात नको म्हणाली. मग परतीचा पाऊस झाला. दहा-बारा दिवसांनी सकाळी कंपनीत निघालो तर उकिरड्याच्या कडेला हिरवंगार — सुईसारखी रोपं, दाट, हाताएवढ्या पट्ट्यात. तिचं बी. जिवंत. काकी अजून आतच होती, गोठ्यात तिचा आवाज येत होता. हाक मारायची होती फक्त. काकी, बाहेर ये, बघ. मला दोऱ्याचं काही बोलावंही लागलं नसतं.

मी घमेलं घेतलं आणि त्यावर शेण टाकलं. पाच-सहा घमेली. पायानं दाबलं. मग हात धुतले आणि कंपनीला निघालो.

त्या साली काकीनं बियाण्यासाठी कांदे लावलेच नाहीत. चाळीत पडले होते, माझा भाऊ म्हणालाही, लाव की. माझ्या हाताचा गुण गेला, म्हणाली. कांद्याचं बी वर्षभरच जगतं. दुसऱ्या साली जुनं बी कुणाकडे उरलं नाही. मला मात्र गटानं शाल-नारळ दिला. राव, तुझ्यामुळं गाव सुधारलं. शाल अजून आहे, मी ती पांघरत नाही.

दोन वर्षांपूर्वी उपचारासाठी काकीला भोसरीला आमच्याकडे आणलं होतं. माझ्या मुलीनं गॅलरीत टबात मेथी पेरायला घेतली. तिला यातलं काय ठाऊक? म्हणाली, आजी, पहिली मूठ तू टाक. काकीनं हात पदराखाली ओढला.

"नगं बाय. माज्या हातानं जळंल ते."

मी तिथंच होतो. बुटाची लेस बांधत होतो. बांधून झाली, तशी पुन्हा सोडून बांधली. मग दुसऱ्या शिफ्टला गेलो.

गेल्या पौषात काकी गेली. शेवटच्या दिवशी तिचा हात माझ्या हातात होता, तासभर तरी. खोलीत आम्ही दोघंच होतो, ती शुद्धीवर होती, ऐकू येत होतं. मी तिला पाणी हवं का विचारलं.

त्या दुपारी दोनदा मोजलं होतं मी. चार विसा आणि वर बारा. तिचे उगवले होते.