आपलं आपण वाढून घेणं

इथं आखातात आमच्या खोलीवर नवीन आलेले पन्नाशीचे काका आज कुकरपुढे उभे राहून भातात पाणी किती घालायचं ते विचारत होते. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मी सातवीतून शाळा सोडलेला. आखातातलं काम नक्की झालं, तसं आईने मला रांधून वाढणं बंद केलं. मी भात करपवला की तोच मला खायला लावायची. "तिथं मी येणाराय होय तुझ्या मागनं?" तेव्हा राग यायचा. आता रोज मनातल्या मनात तिच्या पाया पडतो. इथं प्रत्येक कागदाची भीती वाटते, चुलीची तेवढी वाटत नाही.

पण मागच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा तिच्या भाकरी चालल्या होत्या आणि मी सवयीने भात-कालवण वाढून घेतलं, जेवलो, ताट घासून पालथं घातलं. ती गरम भाकरी हातात धरून बघत राहिली. पाहुणासुद्धा वाढायची वाट बघतो. कुणाची गरज उरू नये, हीच तिने करून घेतलेली तयारी होती बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी रिकामं ताट घेऊन मुद्दाम बसून राहिलो. ती चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "घे की तुझं तू. पंधरा दिवसांनी परत जायचंय. सवय मोडू नये."