सुरणाचं फूल

उंदीर मेल्याचा वास आला की बाकीचे नाक दाबतात. मला मिरजगावचं आमचं परसदार आठवतं. एका मे महिन्यात सकाळपासून असाच वास घरभर सुटला होता. वडिलांनी धान्याच्या कोठ्या हलवल्या, पत्रे उचकटले, पण उंदीर काही सापडेना. शेवटी माश्यांच्या मागं मागं ते परसात मोरीचं पाणी जातं त्या कोपऱ्यात गेले आणि तिथूनच ओरडले, “आगं, हे काय उगवलंय बघ!” तापल्या मातीतून, आजूबाजूला एक पान नसताना, परातीएवढं जांभळं फूल वर आलं होतं; कडेनं झालर, मधे सुरकुतलेला भला मोठा गोळा. त्या जागी आई सुरण लावायची आणि दर दिवाळीत खणून, चिंच घालून भाजी करायची. आजारपणामुळं तीनेक वर्षं तिला खणायला जमलं नव्हतं. फुलाच्या त्या वासानं वैतागून वडिलांनी कुदळ उचलली, तशी आईनं ती धरली. “ऱ्हाऊ द्या. जल्मभर कापून खाल्ला, पन ह्याला फूल येतं हे ठावंच न्हवतं.” मग नाकाला पदर लावून तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं. आता माझ्या अंगणात एक कंद पाच वर्षं मातीत आहे. घरचे विचारतात, “भाजी कधी?” मी म्हणते, “आधी वास तर येऊ दे.”